बांधलेली जहाजे

मराठीत ‘बांधणे’ या एकाच क्रियापदाने जहाजाची दोन कामे होतात. गोदीत लाकूड आणि लोखंड जोडून जहाज बांधतात, आणि सफरीवरून परतलेले जहाज धक्क्याला बांधतात. पहिल्या कामाचा इतिहास लिहिला जातो. जहाज पाण्यात लोटल्याचा दिवस, त्याला दिलेले नाव, त्यावरील तोफांची संख्या, बांधणाऱ्या कारागिराचे घराणे, या सर्वांच्या नोंदी दफ्तरांत सापडतात. दुसऱ्या कामाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. धक्का तो धक्का, त्यात काय पाहावयाचे, असेच कोणालाही वाटते. तथापि एखादे जुने जहाज पुढच्या पिढ्यांच्या दृष्टीस पडते की नाही, हे बहुधा या दुसऱ्या कामावरच ठरते. मुंबई बंदराने पहिले काम असे उत्तम केले की तेथे दोनशे वर्षांपूर्वी बांधलेले एक जहाज आजही पाण्यावर तरंगत आहे. ते तरंगत आहे मात्र इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, हार्टलपूल नावाच्या लहानशा गावी. आणि ज्या जहाजाच्या नावाने अवघा देश ओळखत होता, ती ‘विक्रांत’ मुंबईला आपल्या किनाऱ्याशी बांधून ठेवता आली नाही.

मुंबईच्या जहाजबांधणीची कथा पुष्कळांना ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात सांगितलेली बरी. इ. स. १७३६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया या पारशी सुताराला मुंबईस आणले. १७५० साली तेथे पहिली सुकी गोदी तयार झाली. पुढे तिला जोडून आणखी गोद्या झाल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी डंकन गोदीची भर पडली. मुंबईच्या समुद्राला मोठ्या उधाणाच्या वेळी चौदा-पंधरा फुटांची भरती-ओहोटी असते. भरतीच्या पाण्यावर जहाज गोदीत घ्यावे, ओहोटीबरोबर पाणी उतरू द्यावे, दरवाजे लावावेत, की जहाज आपोआप कोरड्यावर बसते. निसर्गाने दिलेली ही सोय आणि मलबारच्या जंगलातले सागवान, या दोन गोष्टींवर वाडियांच्या कसबाची इमारत उभी राहिली.

सागवानाचे महत्त्व केवळ त्याच्या टिकाऊपणात नव्हते. इंग्लंडातील ओक लाकडात जे आम्ल असते ते लोखंडी खिळ्याला खाते. खिळा गंजला म्हणजे लाकूड कुजते, आणि लाकूड कुजले म्हणजे फळी सुटते. सागवानातील तेल उलट लोखंडाचे रक्षण करते. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत ओकची टंचाई झाली, तेव्हा इंग्रजी आरमारखात्याने आपली मोठी लढाऊ जहाजे मुंबईला बांधवून घेण्यास आरंभ केला. १८१० साली जमशेटजी बमनजी वाडिया यांनी ‘मिंडेन’ हे चौऱ्याहत्तर तोफांचे जहाज पाण्यात सोडले. त्यामागून १८१३ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’, १८१५ मध्ये ‘वेलस्ली’, १८१७ मध्ये ‘त्रिंकोमाली’, १८२१ मध्ये ‘गँजेस’ आणि १८२४ मध्ये ‘एशिया’ अशी जहाजे मुंबईच्या गोदीतून निघाली. चीनला हाँगकाँग द्यावयास लावणारा नानकिंगचा तह १८४२ च्या ऑगस्टमध्ये ‘कॉर्नवॉलिस’वरच झाला. १८२७ च्या नवारिनोच्या लढाईत इंग्रज सेनापतीचे निशाण ‘एशिया’वर फडकत होते.

या जहाजांचे पुढे काय झाले? ‘कॉर्नवॉलिस’चा शेवट विलक्षण आहे. वाफेची जहाजे आल्यावर शिडांच्या जहाजांची गरज उरली नाही, म्हणून १८६५ साली शिअरनेस येथील आरमारी गोदीत त्याचा चक्क धक्का केला गेला. डोलकाठ्या उतरवून ते किनाऱ्याशी जखडले आणि दुसरी जहाजे त्याला येऊन लागू लागली. मुंबईचे सागवान त्या जागी नव्वदांहून अधिक वर्षे पाय रोवून उभे होते. १९५७ मध्ये ते मोडले. ‘वेलस्ली’ हे मुलांना दर्यावर्दीपण शिकविणारे शाळा-जहाज झाले आणि १९४० च्या सप्टेंबरमध्ये टेम्स नदीत जर्मन विमानांच्या बाँबने बुडाले. शत्रूच्या माऱ्याने बुडालेले शिडांच्या काळातील ते शेवटचे मोठे युद्धजहाज. १९४८ साली ते वर काढून मोडण्यात आले. त्याचे काही वासे लंडनच्या न्यायालयाच्या दुरुस्तीला लागले. ‘एशिया’ १९०८ साली विकली गेली, तर ‘गँजेस’ १९३० साली मोडली गेली. एकटी ‘त्रिंकोमाली’ उरली.

तिची कथा सविस्तर सांगण्याजोगी आहे. तिचे नकाशे इंग्लंडहून ज्या जहाजातून निघाले ते ‘जावा’ हे जहाज १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी झालेल्या लढाईत नष्ट झाले. नकाशे पुन्हा करून पाठवावे लागले. १८१६ च्या एप्रिलात मुंबईला तिचा तळकणा मांडला गेला, तेव्हा पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकण्यात आला होता. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली आणि १८१९ साली पोर्टस्मथला पोहोचली. परंतु तोपर्यंत युद्ध संपले होते. नव्याकोऱ्या जहाजाला काम उरले नव्हते, म्हणून तिला छप्पर घालून पंचवीसएक वर्षे बांधून ठेवण्यात आले. पुढे ती अटलांटिक आणि पॅसिफिक महासागरांत फिरली, नंतर नौदलाच्या राखीव शिपायांना शिकविण्यासाठी वेगवेगळ्या बंदरांत उभी राहिली. १८६२ पासून १८७७ पर्यंत तिचा मुक्काम हार्टलपूललाच होता. १८९७ मध्ये आरमाराने ती भंगारवाल्याला विकली.

येथे एका दुसऱ्या जहाजाच्या अपघाताने तिला वाचविले. जॉफ्री व्हीटली कॉब नावाच्या धनिकाने नेल्सनचे ‘फूद्रॉयाँ’ हे जुने जहाज भंगारातून सोडवून, स्वतःचे पैसे खर्चून दुरुस्त केले होते, आणि ते तो गावोगावच्या किनाऱ्यावर लोकांना दाखवीत फिरत होता. १८९७ च्या जूनमध्ये ब्लॅकपूलच्या नॉर्थ पिअर या धक्क्याजवळ ते नांगरलेले असता वादळ आले. नांगर सुटला, जहाज धक्क्याचा काही भाग मोडीत किनाऱ्यावर आदळले आणि तेथेच त्याचे तुकडे झाले. जहाज उत्तम दुरुस्त झाले होते. ते कोठे बांधावयाचे, एवढाच प्रश्न मालकाने नीट सोडविला नव्हता. कॉब डगमगला नाही. त्याने भंगारात निघालेली ‘त्रिंकोमाली’ विकत घेतली आणि गेलेल्या जहाजाच्या आठवणीसाठी तिला ‘फूद्रॉयाँ’ हेच नाव दिले. या उसन्या नावाने मुंबईचे जहाज विसाव्या शतकाच्या नवव्या दशकापर्यंत, प्रथम फॅलमथला आणि १९३२ पासून पोर्टस्मथला, मुलांची शाळा म्हणून नांदले. १९८६ साली शाळा बंद झाली. जहाज म्हातारे झाले होते. त्याला दुरुस्तीची आणि त्याहूनही अधिक जागेची गरज होती.

ती जागा त्याला कशी मिळाली हे पाहण्यासाठी ‘वॉरिअर’ या आणखी एका जहाजाकडे वळले पाहिजे. १८६० साली पाण्यात सोडलेले ‘वॉरिअर’ हे लोखंडी सांगाड्याचे इंग्लंडचे पहिले चिलखती युद्धजहाज. त्याच्याही नशिबी ‘कॉर्नवॉलिस’प्रमाणे धक्का होणे आले. १९२९ पासून पन्नास वर्षे ते वेल्समधील पेंब्रोक डॉकजवळ तेलवाहू जहाजांचा तरंगता धक्का म्हणून उभे होते. १९७९ मध्ये ते हार्टलपूलला ओढून नेण्यात आले. हार्टलपूल हे एके काळी जहाजबांधणीचे गाव. तेथील कारखाने बंद पडून वीसएक वर्षे झाली होती, पण कारागिरांची पिढी अद्याप हयात होती आणि बेकारही होती. त्या हातांना आठ वर्षे काम मिळाले. इकडे पोर्टस्मथला ‘वॉरिअर’साठी तळ खोदून खास नवा धक्का बांधण्यात आला. जहाज पूर्ण झाल्यानंतर धक्क्याचा शोध सुरू झाला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९८७ च्या जूनमध्ये ‘वॉरिअर’ आपल्या नव्या जागी जाऊन उभे राहिले. हार्टलपूलची जागा मोकळी झाली, कसबी माणसे मोकळी झाली, आणि त्याच वर्षी मुंबईची ‘त्रिंकोमाली’ एका तराफ्यावर चढवून पोर्टस्मथहून हार्टलपूलला नेण्यात आली. स्वतःच्या बळावर एवढा प्रवास करण्याची ताकद तिच्या अंगात उरली नव्हती. १९९० मध्ये दुरुस्तीला हात घातला गेला आणि १९९२ साली तिचे मूळचे नाव तिला परत मिळाले. २००१ मध्ये काम संपले. खर्च एक कोटी पौंडांहून अधिक झाला. अंगावरचे सुमारे साठ टक्के लाकूड अद्याप मूळचेच आहे, असे सांगतात. पाण्यावर तरंगणाऱ्या ब्रिटिश युद्धजहाजांत तिच्याइतके जुने दुसरे नाही.

दहा वर्षे आणि एक कोटी पौंड ही रक्कम ऐकून कोणीही विचारील की धक्क्याला बांधून ठेवलेल्या जहाजाची एवढी दुरवस्था व्हावी तरी का? ते लढत नाही, वादळात सापडत नाही, ओझे वाहत नाही. वस्तुस्थिती अशी की लाकडी जहाजाला खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाच्या गोड्या पाण्याचे भय अधिक असते. खारे पाणी लाकूड काही अंशी राखते. वरच्या फळ्यांच्या फटींतून झिरपलेले पावसाचे पाणी मात्र आतल्या वाशांना कुजविते. चालत्या जहाजावर शंभर-दोनशे खलाशी रोज फळ्या धुतात, फटींत काथ्या ठोकतात, डांबर ओततात. बांधलेल्या जहाजावर हे हात नसतात. शिवाय जहाजाचा मधला भाग रुंद, म्हणून पाणी त्याला जास्त उचलून धरते. नाळेचा आणि पाठीमागचा भाग अरुंद, तेथे पाण्याचा आधार कमी आणि वजन जास्त. वर्षे लोटतात तशी दोन्ही टोके खाली झुकतात आणि तळकणा मध्येच कमानीसारखा वर येतो. मग कोरड्या जागेत ठेवावे काय? पोर्टस्मथच्या ‘व्हिक्टरी’ला १९२२ साली कायमचे सुक्या गोदीत बसविले. पाण्याचा सर्वांगाला मिळणारा आधार गेला, थोड्याशा टेकूंवर सारा भार आला, आणि शंभर वर्षांनी असे आढळले की जहाज स्वतःच्याच वजनाने टेकूंवर बसत चालले आहे. शेवटी त्या टेकूंच्या जागी १३४ नवे आधार असे बसवावे लागले की प्रत्येकावर किती भार येतो हे मोजता यावे. जहाज पाण्यात ठेवा की कोरड्यावर, त्याच्याखालची आणि शेजारची जागा हीच अखेर त्याची प्रकृती ठरविते.

धक्क्याचेही आयुष्य असते, हे आणखी एक. लाकडी खांबांना समुद्रातला किडा पोखरतो. काँक्रीटच्या आतली सळई खारट हवेने फुगते आणि वरचे कवच फुटते. सॅन फ्रान्सिस्कोला हाइड स्ट्रीट नावाचा एक धक्का आहे. १९२२ साली तो मोटारगाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटींसाठी बांधला गेला. १९३७ मध्ये गोल्डन गेट पूल झाला आणि बोटींचे काम संपले. त्या रिकाम्या धक्क्यावर पुढे जुन्या जहाजांचा मेळावा भरला. ग्लासगोला १८८६ साली बांधलेले ‘बालक्लूथा’ हे तीन डोलकाठ्यांचे गलबत, १८९५ चे लाकूडवाहू ‘सी. ए. थेअर’, १८९० ची ‘युरेका’ ही प्रवासी बोट, अशी ती मंडळी. हा धक्काच आता शंभरी ओलांडून जीर्ण झाला आहे आणि तो नव्याने बांधणे भाग आहे. अशा वेळी पहिला प्रश्न खांबांचा नसतो. आधी जहाजे हलवावी लागतात.

जहाजे हलविणे म्हणजे दोर सोडून टग बोटींनी ओढणे, इतके ते सोपे नाही. संग्रहालयातील जहाज धक्क्याच्या जिवावर जगत असते. वीज तेथून येते, आग विझविण्याचे पाणी तेथून येते, आणि आत साचलेले पाणी उपसणारा पंप त्याच विजेवर चालतो. धक्का सुटला की हे सर्व बरोबर घ्यावे लागते. वर्षानुवर्षे न हललेल्या तळाला शेवाळ आणि शिंपले लागलेले असतात; पत्रा कोठे किती झिजला आहे हे यंत्राने जागोजाग मोजावे लागते. कारण शांत पाण्यात तग धरणारी फट भर समुद्राच्या लाटेत उघडते. पाहुण्यांसाठी लावलेली कपाटे, चित्रे, दिवे उतरवून त्यांची यादी करावी लागते. डोलकाठीचा वरचा भाग काढावा लागतो. हवामान पाहून दिवस ठरवावा लागतो. एवढी यातायात करावयाचीच, तर शहाणे विश्वस्त त्याच फेरीत जहाज सुक्या गोदीत नेऊन त्याचीही दुरुस्ती उरकून घेतात. एका घराची डागडुजी होत असता घरातील आजोबांना इस्पितळात तपासून आणावे, तशातला हा प्रकार.

आता ‘विक्रांत’कडे यावे. ती मुंबईत बांधलेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, इंग्लंडात टाइन नदीवर ‘हर्क्युलिस’ या नावाने तिची सुरुवात झाली. १९४५ मध्ये ती पाण्यात उतरली, युद्ध संपल्याने काम थांबले, आणि १९५७ साली भारताने ती अर्धवट स्थितीत विकत घेऊन बेलफास्टला पूर्ण करविली. ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत ती भारतीय नौदलात दाखल झाली आणि नोव्हेंबरात मुंबईस आली, तेव्हा स्वागताला पंतप्रधान नेहरू स्वतः आले होते. १९७१ च्या युद्धात तिच्या एका बाष्पकाला तडा गेलेला होता. पूर्ण वेगाने ती धावू शकत नव्हती. तरीही ४ डिसेंबरपासून तिच्यावरील ‘सी हॉक’ विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाव येथील विमानतळांवर व बंदरांवर हल्ले चढविले, आणि पूर्व पाकिस्तानातील फौजांची समुद्रवाट बंद झाली. तिच्या शोधात निघालेली ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ समुद्राच्या तळाशी गेली. ३१ जानेवारी १९९७ रोजी ‘विक्रांत’ निवृत्त झाली.

तिचे संग्रहालय करावे, याविषयी कोठेही मतभेद नव्हता. २००१ मध्ये नौदलाने ती लोकांना पाहण्यासाठी खुली केली. हजारो शाळकरी मुलांनी तिच्या उड्डाणपट्टीवर उभे राहून विमाने हाताने चाचपून पाहिली. समुद्रापासून हजार किलोमीटर दूर असलेल्या माणसाला या गोष्टीचे मोल अधिक कळते. दिल्लीच्या नैऋत्येस द्वारका नावाचे मोठे उपनगर आहे. नाव एका प्राचीन बंदराचे, आणि भोवती मात्र रस्ते, मेट्रोचे खांब आणि उंच इमारती. तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबातील मुलाला आरमाराचे धडे पुस्तकातच वाचावयाचे असतात. चित्रातले जहाज आणि सातशे फूट लांबीचे खरे जहाज, ज्याच्या एका टोकाला उभे राहिले असता दुसऱ्या टोकाचा माणूस बोटाएवढा दिसतो, यांतले अंतर सुट्टीत मुंबईला आलेल्या त्या मुलाला पाच मिनिटांत उमगत असे. हे काम कोणत्याही प्रतिकृतीने होणारे नव्हे.

मग अडले कोठे? ‘विक्रांत’चा पाण्याखालचा भाग सुमारे चोवीस फुटांचा. म्हणजे ऐन ओहोटीतही तेवढे पाणी असेल अशी जागा तिला हवी. मुंबईच्या किनाऱ्याला अशी जागा फार थोडी, आणि जेथे आहे तेथे नौदलाची चालती जहाजे उभी असतात. नौदल गोदीतील गर्दी पाहता एका निवृत्त जहाजाने एवढा मोठा धक्का कायमचा अडवून ठेवावा, हे कोणत्याही आरमाराला परवडणारे नाही. त्याबद्दल नौदलाला दोष देता येत नाही. कुलाब्याजवळील ऑयस्टर रॉक या खडकापाशी तिला कायमचे बसवावे, असाही विचार झाला. परंतु त्यासाठी तळ भरावयाचा, आधार बांधावयाचे, किनाऱ्यापासून वाट करावयाची, या सर्वांचा खर्च कोणी करावा, हे ठरेना. खाजगी भागीदार शोधण्याचे ठरले, पण कायमचा भागीदार कधीच मिळाला नाही. सरकारी कामाची ज्यांना ओळख आहे त्यांना हे वळण अपरिचित नाही. मान्यता एका कागदावर असते, तरतूद दुसऱ्या कागदावर, आणि या दोन कागदांची गाठ पडण्यापूर्वी पावसाळे उलटून जातात. येथे पंधरा पावसाळे उलटले. जहाजाचा पत्रा मात्र कागदांची वाट पाहत थांबत नाही. २०१२ साली ‘विक्रांत’ लोकांना धोकादायक ठरून बंद झाली.

पुढचा क्रम वेगाने घडला. १९९७ पासून जे काम हलत नव्हते ते उलट्या दिशेने एका वर्षात पुरे झाले. २०१३ च्या डिसेंबरात लिलावाचा निर्णय झाला. तो थांबविण्यासाठी केलेली याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली; जहाजाची अवस्था राखण्याजोगी उरली नाही आणि त्यासाठी पैसाही नाही, असे निकालात आले. २०१४ च्या जानेवारीत सुमारे साठ कोटी रुपयांना ती विकली गेली. मे महिन्यात टग बोटींनी तिला नौदल गोदीतून ओढून दारूखान्याच्या चिखलात नेऊन उभे केले. सर्वोच्च न्यायालयाने अखेरची परवानगी दिल्यावर नोव्हेंबरात तिच्यावर गॅसच्या ज्योती चालू लागल्या. तिच्या पोलादाचा काही भाग एका मोटारसायकलीच्या टाकीसाठी वापरण्यात आला, आणि काही भागाचे स्मारक २०१६ साली फोर्टात लायन गेटजवळ उभे राहिले. वाहतुकीच्या एका वर्तुळात मावेल एवढे ते आहे.

‘विराट’ची गोष्ट याहून लहान आहे, पण तिचे वळण तेच. २०१७ च्या मार्चमध्ये ती निवृत्त झाली. २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गातील निवती येथील खडकांजवळ तिला काँक्रीटच्या पायावर बसविण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या योजनेला मान्यता दिली. या वेळी निदान जागेचा विचार आधी झाला होता. पण खर्चाचा भार पुन्हा खाजगी भागीदारावर टाकलेला होता, आणि तो पुन्हा मिळाला नाही. २०२० च्या सप्टेंबरात ‘विराट’ गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर पोहोचली.

याच देशात उलट उदाहरण नाही असे नाही. ‘कुरसुरा’ ही पाणबुडी २७ फेब्रुवारी २००१ रोजी निवृत्त झाली आणि अवघ्या दीड वर्षात, ९ ऑगस्ट २००२ रोजी, विशाखापट्टणमच्या रामकृष्ण समुद्रकिनाऱ्यावर तिचे संग्रहालय उघडले. तिला पाण्यातून ओढून वाळूवर घेतले आणि काँक्रीटच्या पायावर बसविले. पाणबुडी विमानवाहू जहाजाच्या मानाने फार लहान, म्हणून तुलना पुरती लागू पडत नाही, हे खरे. परंतु तेथे पाया आधी झाला, पैसा सरकारी होता आणि जबाबदारी एकाच शहराने घेतली. गंज तिलाही लागतो. पत्रे बदलावे लागतात. तिच्या शेजारून मात्र दुसऱ्या कोणत्या जहाजाला जावयाचे नसते.

जहाज जाते आणि जागा उरते, असा इतिहास मराठ्यांच्या आरमारालाही आहे. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांच्या ताफ्याला आग लागली, तेव्हा ती प्रथम ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर भडकली. इंग्रजांकडून जिंकून आणलेले ते जहाज होते. एका दिवसात सारे आरमार जळाले. त्यांतले एकही लाकूड कोणाला दाखविता येणार नाही. मात्र विजयदुर्गापासून जवळच, वाघोटनच्या खाडीकाठी गिर्ये गावाजवळ, त्या आरमाराची खडकात खोदलेली गोदी आजही पाहावयास मिळते. मुंबईची गोष्ट निराळी. १८८० चा प्रिन्सेस डॉक आणि त्याच्यापाठोपाठ झालेला व्हिक्टोरिया डॉक, १४ एप्रिल १९४४ चा भीषण स्फोट जेथे झाला तो, हे दोन्ही आता भर टाकून बुजविले आहेत. तेथे जहाजांऐवजी मालाच्या पेट्यांना जागा झाली आहे. एखादे मोठे जुने जहाज बंद पाण्यात, भरती-ओहोटीचा धक्का न लागता, शहराच्या मध्यावर ठेवता आले असते, अशा दोन जागा त्यांबरोबर गेल्या.

वाडियांच्या गोद्या मात्र नौदलाच्या ताब्यात असून कामातही आहेत. भरतीच्या पाण्यावर जहाज आत घ्यावयाचे आणि दरवाजे लावावयाचे, ही रीत तीच आहे. १८१७ साली ‘त्रिंकोमाली’ ज्या गोदीपाशी पाण्यात उतरली, तेथून दारूखान्याचा किनारा याच बंदरात, उत्तरेला काही मैलांवर आहे. २०१४ च्या मे महिन्यात ‘विक्रांत’ने केलेला शेवटचा प्रवास तेवढाच होता.